एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला ती दिसतच नाही

निवांत

मंडळी, मदत हवी आहे. १ टीबीची छोटी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, वेगळं अ‍ॅडॉप्टर नसलेली, यूएसबीवरच चालणारी. परवापर्यंत ठणठणीत होती. आता लावली की दिवा लागतो, विंडोज ‘टुंग’ असा आवाजही करतं, पण ‘धिस पीसी’ उघडलं की सी आणि डी सोडून काही नाही. रीस्टार्ट करून झालं. विंडोज ११ आहे.

आत घरचे फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत आहे. पण कॅसेटवरून उतरवून घेतलेली आजोबांच्या आवाजातली रेकॉर्डिंगं फक्त हिच्यावरच आहेत आणि त्या कॅसेटी आता वाजत नाहीत. काय तपासू आणि कोणत्या क्रमाने?

भुंगा

केबल बदला. पुढचा प्रश्न?

चक्रमशिरोमणी

फॉरमॅट मारा, नव्यासारखी होईल.

तारतम्य

शिरोमणी, रोग परवडला पण औषध नको. निवांत, फॉरमॅटबिरमॅटच्या भानगडीत अजिबात पडू नका. सविस्तर लिहितो, तोवर केबल बदलून बघा.

खटपट्या

केबलला +१. या छोट्या डिस्कना बहुतेक वेळा ती रुंद चपटी, मधे खाच असलेली पिन असते. नीट बघा, तिचे दोन भाग आहेत. त्यातला मोठा भाग म्हणजे जुनी मायक्रो यूएसबीच. त्यामुळे जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल त्या अर्ध्या भागात व्यवस्थित बसते आणि डिस्क चालते. वेग यूएसबी २चा मिळतो, पण तपासायला पुरे. फक्त ती केबल निव्वळ चार्जिंगची नको. तशा केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागेल आणि बाकी सगळं सुमसाम.

डिस्ककडचं सॉकेट सैल झालंय का तेही बघा. पिन जराशी दाबून धरल्यावर डिस्क दिसली आणि सोडल्यावर गेली, तर गुन्हेगार सापडला.

शंकासूर

रुमाल टाकून ठेवतो. माझीही एक अशीच कपाटात पडली आहे.

तारतम्य

हां, आता सविस्तर.

‘डिस्क दिसत नाही’ या एका तक्रारीत निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा. एक, डिस्कला वीजच पुरत नाही. दोन, वीज मिळते पण यूएसबीवरून बोलणं होत नाही. तीन, बोलणं होतं पण आतली खरी डिस्क गप्प आहे. चार, डिस्क शाबूत आहे पण पार्टिशन (डिस्कवर पाडलेले भाग), फाइल सिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) किंवा ड्राइव्ह लेटरचा (सी, डी अशा अक्षराचा) घोळ आहे. ‘धिस पीसी’मध्ये फक्त लेटर मिळालेल्या जागा दिसतात, म्हणजे या सगळ्यातून पार पडलेल्या. तिथे नाही म्हणून डिस्क मेली असं होत नाही.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी असतात. तिथे तुमची डिस्क आहे का, तिच्यापुढे आकडा किती दिसतो आणि काय शब्द लिहिले आहेत ते जसंच्या तसं इथे लिहा. उघडल्या उघडल्या ‘इनिशिअलाइझ डिस्क’ अशी खिडकी आली आणि एमबीआर की जीपीटी (पार्टिशनचा तक्ता ठेवायच्या दोन पद्धती) असं विचारलं, तर कॅन्सल करा. ती खिडकी इतक्या सौजन्याने विचारते की माणूस हो म्हणून जातो, आणि मग पार्टिशनचा जुना तक्ता जाऊन कोरा तक्ता येतो. डेटा लगेच पुसला जात नाही, पण परत मिळवणं एका पायरीने अवघड होतं.

भुंगा

सौजन्याने विचारणाऱ्या खिडक्यांवर एक वेगळा धागा हवा.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा) असेल तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, डिस्क लावा आणि मग टर्मिनलमध्ये डीमेसेज ही आज्ञा चालवा. ती लावल्यापासून काय काय घडलं ते ओळीने दिसतं: उपकरण ओळखलं, आकार कळला, वाचताना चूक आली, मधेच तुटली. विंडोज यातलं काही सांगत नाही, नुसतं ‘टुंग’ करतं.

चक्रमशिरोमणी

आलेच लिनक्सवाले. आता धागा शंभरी गाठणार.

निवांत

केबल बदलली, फरक नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क १, अननोन, नॉट इनिशिअलाइझ्ड’ असं आहे. ती खिडकी आली होती, कॅन्सल केली. आकडा कुठेच दिसत नाही, जागा कोरी आहे.

तारतम्य

आकडा नसणं ही कामाची खूण आहे. डब्याच्या आत दोन गोष्टी असतात: एक छोटं सर्किट, जे यूएसबी आणि सॅटा (डिस्कची आतली जोडणी) यांच्यात दुभाष्याचं काम करतं, आणि खरी डिस्क. काही मॉडेल्समध्ये ते सर्किट डिस्कच्या बोर्डवरच असतं, पण काम तेच. विंडोजने ‘टुंग’ केलं ते दुभाष्या भेटला म्हणून. आकार सांगायला मात्र डिस्क फिरून तयार व्हावी लागते. ती झालेली नाही. तुमची तक्रार वरच्यापैकी पहिली किंवा तिसरी.

आता डिस्क लावा, तिच्यावर बोट ठेवा आणि कान जवळ न्या. बारीक थरथर आणि चढत जाणारा ‘सूंऽऽ’ आला तर ती फिरते आहे. ठरावीक तालात टक... टक... टक आलं तर हेडला (वाचणाऱ्या टोकाला) पृष्ठभाग वाचता येत नाही. ताबडतोब काढून ठेवा. बारीक पिपाणीसारखा ‘पीं’ येऊन थांबत असेल तर मोटर फिरायला धडपडते आहे. तेव्हा एकतर वीज कमी पडते किंवा हेड प्लॅटरला (फिरणाऱ्या तबकडीला) चिकटलं आहे.

बंडोपंत

टकटक करणारी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी तासभर चालते, तेवढ्यात डेटा काढून घ्यायचा. ऐकीव नाही, ऑफिसातल्या एकाची चालली होती.

खटपट्या

बंडोपंत, त्या एकाची चालली, बाकीच्यांनी कुठे सांगितलं नाही एवढंच. थंड डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर जमते. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं, म्हणजे आतही दमट हवा. हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथे पाण्याचा अंश म्हणजे खेळ खल्लास. ‘नुसतं झाकण उघडून बघू’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर: धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगर असतो.

बंडोपंत

बरं बाबा. फ्रीजर रद्द.

निवांत

‘पीं’ येतं! अगदी बारीक, दोन-तीनदा, मग शांत. थरथर नाही. म्हणजे चिकटलं का?

ओसरी

घाबरू नका, आधी वीज. डिस्क लॅपटॉपला थेट लावली आहे की मधे काही आहे?

निवांत

हबमध्ये लावली आहे. लॅपटॉपला चौकोनी यूएसबी पोर्ट एकच आहे आणि तो माउसच्या डोंगलने अडवला आहे, म्हणून टाइप-सीवर हब लावून त्यात डिस्क, कीबोर्ड आणि कार्ड रीडर. दिवा लागतो म्हणजे वीज मिळते ना?

ओसरी

दिव्याला काही मिलिअँपियर पुरतात, मोटरला नाहीत. यूएसबी २च्या पोर्टकडून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर आणि यूएसबी ३कडून ९०० मिळायला हवेत असं मानक सांगतं. एकदा फिरायला लागल्यावर अडीच इंची डिस्क त्यात भागवते, पण सुरुवातीचे काही क्षण, तबकडी शून्यावरून वेग घेते तेव्हा, मागणी बरीच वर जाते. स्वतःचं अ‍ॅडॉप्टर नसलेला हब तीच वीज सगळ्यांत वाटतो. त्यात तुमचा कीबोर्ड आणि कार्ड रीडर आधीच पंगतीला बसले आहेत.

माउस हबवर, डिस्क थेट लॅपटॉपवर. चार्जर लावलेला असू द्या. लांब केबल नको. डेस्कटॉपवाल्यांनी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांऐवजी मागचे वापरावेत. मागचे मदरबोर्डवरच असतात, पुढच्यांना आतून केबल ओढलेली असते आणि तिच्यात थोडं व्होल्टेज गळतं.

शंकासूर

माझी मोठी साडेतीन इंची आहे, वेगळ्या अ‍ॅडॉप्टरची. दिवाच लागत नाही. अ‍ॅडॉप्टर गेलं असेल?

खटपट्या

बहुधा १२ व्होल्टचं असेल. डिस्कच्या खाली किती व्होल्ट, किती अँपियर आणि पिनेच्या मधलं टोक धन की ऋण ते छापलेलं असतं. अ‍ॅडॉप्टर बदलताना व्होल्ट आणि धन-ऋण तेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त.

यावरून एक आठवलं. मित्राच्या घरी लॅपटॉपचं १९ व्होल्टचं अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टच्या डिस्कला लागलं होतं, कारण पिन बसत होती. डिस्क ठार. त्याने ती टाकायला काढली होती. बोर्डवर पॉवर आत येते तिथे टीव्हीएस नावाचे संरक्षक डायोड असतात. व्होल्टेज चढलं की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या बोर्डला वाचवतात. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टच्या वाटेवरचा डायोड शून्य ओहम दाखवत होता. तो उचलून काढला, योग्य वीज दिली, डिस्क फिरली, डेटा लगेच दुसरीकडे हलवला. संरक्षण गेलेलं असल्याने त्यानंतर ती वापरली नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे करू नका, पण डिस्क फेकूही नका.

भुंगा

खटपट्या हे नाव उगाच नाही घेतलेलं.

शंकासूर

तपासलं. अ‍ॅडॉप्टर राउटरचं निघालं, ९ व्होल्टचं. डिस्कचं अ‍ॅडॉप्टर राउटरला लागलं आहे. राउटर चालू आहे, का ते विचारू नका.

ओसरी

राउटर आधी सोडवा!

सफरचंदवाला

मॅकवाल्यांसाठी थोडं अवांतर. फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्टर्नल डिस्क्स’वरची खूण निघाली असेल तर डिस्क माउंट होऊनही (वापरायला जोडली जाऊनही) डेस्कटॉपवर दिसत नाही. डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा, नाहीतर वरची खरी डिस्क लपलेलीच राहते.

आणि एक्सफॅट फाइल सिस्टिमची मोठी डिस्क न विचारता उपटली असेल, तर पुढच्या वेळी मॅक गुपचूप तिची तपासणी करत बसतो. तोवर डिस्क दिसते पण माउंट होत नाही आणि लोक तिला मेली समजून पुन्हा उपटतात. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीकेने (fsck) सुरू होणारी प्रक्रिया चालू दिसली तर वाट बघा. तास लागू शकतात.

वीणा_क

टीव्हीला लावलेल्या डिस्कचंही लिहा कोणीतरी. आमच्याकडे टीव्हीवर कार्यक्रम रेकॉर्ड करायला डिस्क लावली, आता कॉम्प्युटरवर ‘फॉरमॅट करा’ म्हणते.

पेंग्विनप्रेमी

वीणाताई, रेकॉर्डिंग करणारे अनेक टीव्ही डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात, बऱ्याचदा लिनक्सच्या फाइल सिस्टिमने. विंडोजला ती वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट मागतं. मॅकच्या एपीएफएस किंवा एचएफएस प्लस डिस्कचंही विंडोजवर तेच. डिस्क चांगली असते, वाचणाऱ्याला लिपी येत नाही. रेकॉर्डिंग मात्र बहुधा त्याच टीव्हीवर दिसेल, कारण ते एन्क्रिप्टही केलेलं असतं.

निवांत

ओसरी, साष्टांग नमस्कार! थेट लावली आणि ‘सूंऽऽ’ आला. आता आकडा दिसतो, ९३१.५१ जीबी. पण त्यापुढे ‘रॉ’ लिहिलं आहे आणि विंडोज फॉरमॅट करू का विचारतं आहे. नाहीच म्हटलं. आता?

आणि १ टीबीची ९३१ कशी? काही गळालं का?

भुंगा

गळालं नाही. विकणारा टीबी हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या.

खटपट्या

‘रॉ’ म्हणजे पार्टिशन आहे पण त्यातली फाइल सिस्टिम विंडोजला ओळखू येत नाही. वीज अर्धवट मिळत असताना एखादं लिखाण अपुरं राहिलं असेल. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) चालवा, बहुतेक वेळा सुटतं. मी कैकदा चालवलं आहे.

तारतम्य

खटपट्या, इथे मात्र सपशेल असहमत. एकतर ‘रॉ’ दिसत असेल तर चेकडिस्क बऱ्याचदा नकारच देतं. आणि चाललं तरी ते फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी असतं, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. त्याला न जुळणाऱ्या नोंदी ते छाटून टाकतं. डिस्क खराब होत चालली असेल तर तासन्‌तास वाचनं करून उरलीसुरली जानही काढतं. आधी तब्येत बघू.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे), वाचता न येऊन ताटकळत असलेले सेक्टर, आणि दुरुस्तीपलीकडचे.

खटपट्या

बरं, तब्येत आधी हे मान्य. पण ठणठणीत डिस्कवर चेकडिस्कला काय हरकत आहे?

तारतम्य

दुसरी प्रत असेल तर काहीच नाही. आजोबांच्या रेकॉर्डिंगांची नाही.

निवांत

पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आहे. ०५ शून्य, सी६ शून्य, सी५ समोर बरीच शून्यं आणि शेवटी १८.

ओसरी

ते आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत) दाखवतात, म्हणजे १८चे २४ धरा. २४ सेक्टर वाचता येत नाहीत. फार नाहीत, पण त्यातला एखादा फाइल सिस्टिमच्या मोक्याच्या जागी असेल तर ‘रॉ’ व्हायला तेवढा पुरतो. आता या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही हिच्यावर टाकायचं नाही.

पेंग्विनप्रेमी

आता माझा प्रांत. शिरोमणींनी कानात बोटं घालावीत.

हिच्यापेक्षा मोठी, रिकामी डिस्क मिळवा. लिनक्सवरून बूट करून जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय इमेज (हुबेहूब प्रत) त्या मोठ्या डिस्कवर घ्या. याची खुबी अशी की ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडला तो भाग बाजूला ठेवतं आणि शेवटी त्याकडे वळतं. सोबत मॅप फाइल द्यायला विसरू नका. मधे काही बंद पडलं तर तिच्यामुळे तिथूनच पुढे सुरू होतं. सुरू करण्याआधी कोणती डिस्क कोणती हे आकार आणि मॉडेल बघून दोनदा पडताळा. उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर इथे कोणी वाचवू शकणार नाही.

मग जे काय प्रयोग करायचे ते इमेजवर, आणि जागा असेल तर तिच्याही प्रतीवर. टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने खराब बूट सेक्टर (पार्टिशनची ओळख सांगणारा पहिला सेक्टर) त्याच्या राखीव प्रतीवरून परत आणता येतो, एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम तशी प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं. ते नाही जमलं तर फोटोरेक. त्याचं नाव फोटोवरून असलं तरी ते ऑडिओही शोधतं, फक्त फाइलींची नावं आणि फोल्डर मिळत नाहीत.

टकटक सुरू झाली तर मात्र थांबा आणि क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्यांकडे द्या.

बंडोपंत

एवढं करण्यापेक्षा डबा उघडून आतली डिस्क थेट सॅटाला लावली तर? दुभाष्याच नको.

तारतम्य

कधीकधी तेच बरोबर असतं, विशेषतः दुभाष्याच गेला असेल तर. पण तीन खोडे आहेत. काही छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच जोडलेलं असतं, सॅटा नसतंच. काही डबे पासवर्ड न लावताही सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहितात, मग थेट लावल्यावर नुसती अक्षरांची रांगोळी. आणि काही मोठे डबे विंडोजला ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं सांगतात, आतली डिस्क ५१२चे सांगते, त्यामुळे पार्टिशनचा तक्ता जुळत नाही. तेव्हा डिस्क गेली असं समजून फॉरमॅट करणारे मी पाहिले आहेत.

निवांतांचा दुभाष्या नीट बोलतो आहे. त्याला नका हात लावू.

वीणा_क

वाचनखूण साठवली. निम्मं कळलं नाही, पण ‘कॅन्सल करा’ कळलं.

निवांत

उशीर झाला सांगायला. इमेज रात्रभर चालली. काही किलोबाइट सोडून सगळं आलं. टेस्टडिस्कने इमेजच्या प्रतीवर बूट सेक्टर राखीव प्रतीवरून परत आणला आणि फोल्डर नावांसकट दिसले. रेकॉर्डिंगं सगळी वाजतात. एका फाइलमध्ये मधेच सेकंदभर खरखर आहे, ती मूळ कॅसेटची की आत्ताची ते कळायला मार्ग नाही. दोन ठिकाणी उतरवून ठेवली आहेत.

पेंग्विनप्रेमी, तुमच्यामुळे आता लिनक्स बघावंसं वाटतंय.

चक्रमशिरोमणी

गेला अजून एक. बाकी अभिनंदन! (आता तरी फॉरमॅट मारा.)

ओसरी

आता खरंच मारू शकता. पण ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा आणि मग सी५ बघा. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर लिहितं, त्यामुळे ताटकळलेले सेक्टर एकतर सुधारतात किंवा बदलले जाऊन ०५मध्ये जमा होतात. तिथे आकडा वाढला तर डिस्क फक्त हरवलं तरी चालेल अशा गोष्टींसाठी.

नवखा_२

धागा वर काढतो. माझी डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते, ‘हेल्दी’ आणि एनटीएफएस लिहिलं आहे, आकडाही बरोबर, तरी ‘धिस पीसी’मध्ये नाही. मीही इमेज घेऊ का?

तारतम्य

नको. तुमचं सोपं दिसतंय. त्या पट्टीवर ड्राइव्ह लेटर आहे का? नसेल तर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून एखादं अक्षर द्या, शक्यतो शेवटाकडचं. ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेलं असलं की असा गोंधळ होतो. आणि डिस्कपुढे ‘ऑफलाइन’ असेल तर त्या नावावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा. एका डिस्कवरून दुसरी हुबेहूब क्लोन केली आणि दोन्ही एकदम लावल्या, तर दोघींची सही (डिस्कचा ओळखक्रमांक) एकच म्हणून विंडोज एकीला बाजूला बसवतं.

नवखा_२

लेटर नव्हतं. एक्स दिलं, आली. धन्यवाद!

शंकासूर

माझीही आली. राउटर मात्र गेला.